अडुसष्ट किलोचा माणूस

गोदामात त्याला सगळे ‘अडुसष्ट’ म्हणत. चहावाल्यापासून मोठ्या साहेबांपर्यंत सगळे. नव्याने कामाला लागलेल्याला वाटे, हा याचा हजेरीचा नंबर असेल. तो नंबर नव्हता, वजन होतं. लोकांना आपल्या आवाजाचा, मिशांचा, गेला बाजार आपल्या अक्षराचा तरी अभिमान असतो. या माणसाला आपल्या वजनाचा होता.

तो लिफ्टमिस्त्री. लिफ्टा बसवायच्या, तपासायच्या, अडकल्या की सोडवायच्या, हेच त्याने जन्मभर केलं. आता प्रत्येक लिफ्टमध्ये एक पितळी पाटी असते, ‘८ माणसे, ५४४ किलो’ अशी. तुम्ही-आम्ही ती वाचतो, डोकी मोजतो आणि आपण नववे नाही ना एवढं बघून गप्प उभे राहतो. मिस्त्रीने कामाला लागल्या लागल्या त्या पाटीला भागाकार लावला. पाचशे चव्वेचाळीस भागिले आठ, अडुसष्ट. म्हणजे धडधाकट माणूस अडुसष्ट किलोचा असतो, असं त्याने तिथल्या तिथे ठरवून टाकलं. इतक्या लिफ्टांवर, इतक्या इमारतींत, पितळेत कोरून लिहिलंय म्हणजे कुणीतरी शहाण्या माणसानेच लिहिलं असणार!

आणि योग असा, की त्याच सुमाराला त्याच्या उस्तादाने, म्हणजे ज्या म्हाताऱ्या मिस्त्रीच्या हाताखाली तो शिकत होता त्याने, एका दुपारी गंमत म्हणून त्याला गोदामाच्या काट्यावर उभं केलं. हा अंगात जाड जॅकेट, पायात लोखंडी टोपणाचे बूट, कमरेला हत्यारांचा पट्टा अशा अवतारात चढला. काटा थरथरला आणि बरोबर अडुसष्टवर जाऊन थांबला.

“अरे, हा तर पाटीवरचा माणूस!” उस्ताद ओरडला.

झालं. त्या दिवसापासून तो अडुसष्ट झाला तो झालाच.

लिफ्ट मालकाच्या ताब्यात देण्याआधी तिच्यात लोखंडी लाद्या भरून ती वरखाली नेतात, दोर आणि ब्रेक नीट धरतात का ते बघतात. एखादी लादी कमी पडली की हाक यायची, “अडुसष्ट, आत हो.” मग हा आत जाऊन लाद्यांच्या शेजारी हात पाठीमागे बांधून ताठ उभा राहायचा. हसायचासुद्धा नाही. हसल्याने वजन हलतं की काय कोण जाणे! अधूनमधून तो काट्यावर चढे. खिडकीतून कोठीवाला, म्हणजे गोदामातलं सामान ज्याच्या ताब्यात असे तो त्याचा जुना दोस्त, विचारे, “किती?” हा सांगे, “तितकंच!” आणि दोघांनाही बरं वाटे. एवढ्याशा गोष्टीवर माणसं किती वर्षं खूश राहू शकतात!

या एका आकड्यावरून त्याने सगळ्या जगाचं माप काढलं होतं. लिफ्टमध्ये चौथा माणूस शिरला की याच्या मनात बेरीज सुरू. शेजारचे मास्तर म्हणजे ‘पाऊण माणूस’. तळमजल्यावरचा बेकरीवाला ‘दीड’. बायकोला तर लग्न झाल्यापासून तो ‘पाऊण’च म्हणे आणि ताटात चमचाभर जास्त वाढे. लेक लग्न करून दूर गेली तेव्हा डोळे पुसत जावयाला म्हणाला, “दहा किलो कमी देतोय, तेवढं सांभाळून घ्या.” जावई बिचारा सामानाबद्दल समजला आणि बॅगा मोजत बसला.

बायको मात्र या काट्याच्या नादाला कधी लागली नाही. ती शिवणकाम करी. चौथ्या मजल्यावरच्या त्यांच्या दोन खोल्यांत खिडकीपाशी तिचं मशीन, बाजूला इस्त्री, गळ्यात मापाची फीत. नवऱ्याच्या पँटी तिनेच शिवायच्या. त्याच्या कमरेचं माप तिने नव्या नवरीचं लाजणं ओसरायच्या आधी घेतलं होतं आणि नंतर कधी पुन्हा घ्यावं लागलं नव्हतं. घ्यावं लागणार कसं? लिफ्ट बंद असते तेव्हाच लिफ्टमिस्त्रीला बोलावतात. म्हणजे जगाला लिफ्टने पोचवणारा हा माणूस स्वतः जन्मभर जिने चढला, तोही कमरेला पट्टा बांधून. अंगावर चरबी बसायला जागाच नव्हती.

बायकोच्या धंद्याचा एक नियम होता, तो इथेच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं रामायण त्यावरच घडलं. मापाला आलेल्या बाईला ‘तुम्ही सुटलात हो’ असं कधी म्हणायचं नाही. ‘कापड आटलं’ म्हणायचं. फीत गुपचूप गुंडाळायची, बाई घरी गेल्यावर शिवण उसवायची, आत राखलेली माया, म्हणजे शिवणीतलं जादा कापड, सोडायची आणि ब्लाउज असा परत द्यायचा की बाई आरशासमोर म्हणाली पाहिजे, “अय्या, आहे तशीच आहे मी!” या एका नियमावर तिची गिऱ्हाइकं टिकून होती.

तर मिस्त्री निवृत्त झाला. गोदामात हार झाला, फरसाण झालं, साहेबांनी चार शब्द बोलताना तीनदा चुकीचं आडनाव घेतलं. शेवटी त्याने हत्यारांचा पट्टा, बूट आणि जॅकेट कोठीवाल्याच्या ताब्यात दिलं. कोठीवाल्याने पट्टा खिडकीशेजारच्या खुंटीला अडकवला आणि नाक ओढलं. घरी जाताना मिस्त्रीला कंबर फार हलकी हलकी वाटत होती. त्याला वाटलं, जबाबदारी उतरली की असंच वाटत असणार.

महिना गेला असेल नसेल, बायकोला चक्कर आली म्हणून तो तिला कोपऱ्यावरच्या दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरीणबाई आत तिचा रक्तदाब बघत होत्या. बाहेर नर्स मिस्त्रीला म्हणाली, “काका, तुमचंही कार्ड करून टाकू या. चढा काट्यावर.”

काट्यावर चढायचं म्हटल्यावर मिस्त्रीची छाती फुगली. चपला काढून, सुती सदऱ्यात तो ऐटीत उभा राहिला. “अडुसष्ट लिहा,” असं तिने बघण्याआधीच सांगून टाकलं.

“साठ,” नर्स म्हणाली.

“तुमचा काटा बिघडलाय.”

“कालच आलाय काका, नवा कोरा.”

तो उतरला, पुन्हा चढला. साठ. हात खिशातून काढून बघितले. साठ. नर्सने शांतपणे आकडा लिहिला, उंची मोजली, ‘छान’ म्हणाली आणि पुढच्या माणसाला हाक मारली. लिफ्टचा दोर तुटल्यावर आतल्या माणसाला कसं वाटत असेल ते मिस्त्रीला त्या क्षणी कळलं.

चाणाक्ष वाचकाच्या ध्यानात एव्हाना सगळा घोटाळा आला असेल. पट्टा, बूट, जॅकेट! मिस्त्रीच्या का नाही आला? ज्याने लिफ्टच्या एकेका खिळ्याचं वजन हिशोबात धरलं, त्याला आपल्या कमरेचं ओझं कधी हिशोबात धरावंसं वाटलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. पट्टा त्याच्या अंगावर इतकी वर्षं होता की तो त्याच्या लेखी अंगच झाला होता. आणि घाबरलेला माणूस भागाकार करत नाही, तो थेट शेवटाला पोचतो.

त्याला शेवटाला पोचवायला एक कारणही होतं. त्याचा थोरला भाऊ असाच गेला. आधी सदऱ्याची कॉलर गळ्याभोवती सैल झाली, मग अंगठी बोटातून निसटायला लागली, आणि ज्या दिवशी डॉक्टरांना दाखवलं त्या दिवशी डॉक्टरांनी फाईल मिटून ठेवली. शेवटचे महिने भाऊ यांच्याच घरी होता. दिराचं सगळं, म्हणजे सगळंच, बायकोने केलं. त्यानंतर कित्येक दिवस ती मशीनवर बसायची आणि पायच हलवायची नाही. ते मिस्त्री विसरला नव्हता.

म्हणून त्याने ठरवलं, हिला सांगायचं नाही. जमेल तेवढं एकट्याने निभवायचं. आठ किलो गेलेत ना? खाऊन परत आणायचे. आणि नाहीच आले, तर आपल्या पश्चात हिचं अडायला नको.

मग या शहाण्याने दोन कामं एकदम हाती घेतली.

पहिलं काम खाण्याचं. संध्याकाळी ‘पाय मोकळे करून येतो’ म्हणून तो निघे आणि तळमजल्यावरच्या बेकरीपलीकडे त्याचे पाय जात नसत. लोण्यात बुडवलेला पाव, क्रीमचे बन, वर साखर घातलेलं दूध. घरात उशीखाली शेंगदाणे, कपाटात बिस्किटं, आणि केळी तर इतकी, की सालं लपवायला तो कचऱ्याच्या डब्यापर्यंत स्वतः जाऊ लागला. बायकोला वाटलं, निवृत्तीने माणूस कामसू झाला. शिवाय अंगावरचं मांस जपायचं म्हणून त्याने जिने सोडले. एक मजला जायचा तरी लिफ्ट. दुपारी झोप. चहात चौथा चमचा.

दुसरं काम बायकोला तयार करण्याचं. “इकडे ये, मेन स्विच कुठे असतो बघ. फ्यूज उडाला तर तार अशी गुंडाळायची.” “नळाचा वायसर असा काढायचा.” “लिफ्ट मध्येच अडकली तर घाबरायचं नाही, आतून दार ओढायचं नाही, घंटा दाबून उभं राहायचं.” तिच्या मशीनला त्याने तेल घातलं, पट्टा बदलला, न्हाणीघरात भिंतीला धरायला दांडा बसवला. ती वैतागली.

“अहो, तुम्ही घरात बसलेले असताना मी कशाला फ्यूज लावू?”

“असावं माहीत.”

“मला गिऱ्हाइकाची चोळी द्यायचीय संध्याकाळी.”

“दोन मिनिटं. तार परत एकदा लावून दाखव.”

ती चडफडत तार लावी, तो मान हलवी, आणि मग न्हाणीघरात जाऊन उगाच तोंड धुऊन येई.

काट्यावर मात्र तो पुन्हा चढला नाही. हिंमतच नव्हती. त्याऐवजी रोज सकाळी पँट चढवली की कमरेत अंगठा घालून बघे. आपण भरतोय तर पँट घट्ट व्हायला हवी, हे त्याचं साधं गणित. पण अंगठा सहज आत जाई. एवढं खाऊन! एकदा तर अंगठ्याबरोबर शेजारचं बोटही गेलं. त्या दिवशी बेकरीवाल्याने विचारलं, “काय हो, आज तीन बन?” तर मिस्त्री नुसता चावत राहिला.

आता घरातली दुसरी बाजू ऐका. बायकोच्या हाताला पँट इस्त्रीच्या वेळीच कळली होती. गुंडीचा दोरा ताणलेला, कमरपट्टी वळलेली, रात्री जेवणानंतर त्याच्या पोटावर शिवणीचा लाल वळ. तिला समजलं, गडी सुटायला लागलाय. पण तिला तिच्या अडुसष्टची हौस ठाऊक होती. काम गेलं, गोदाम गेलं, ‘अडुसष्ट, आत हो’ म्हणणारं कुणी राहिलं नाही. निदान तो आकडा तरी राहू दे त्याच्याकडे. तेव्हा दुपारी तो घोरायला लागला की ती पँट घेई, मागची शिवण उसवी, आतली माया सोडी आणि पुन्हा शिवून, इस्त्री करून खुंटीला लावी. गिऱ्हाइकांना इतकी वर्षं जे दिलं ते घरच्या माणसाला द्यायचं नाही, असं थोडंच आहे? आणि सोडताना ती सढळ हाताने सोडी, म्हणजे लगेच पुन्हा उसवायला नको.

म्हणजे बघा, तो खात होता पँट घट्ट व्हावी म्हणून, आणि ती पँट सैल करत होती त्याला वाईट वाटू नये म्हणून. दोघांचंही एकमेकांवर फार प्रेम. त्या प्रेमाने त्या माणसाचं पोट मात्र वाढत होतं आणि रात्रीची झोप उडत होती.

असं वर्ष उलटायला आलं.

एके सकाळी दोघं बाजारातून परतली तर इमारतीच्या लिफ्टला दोरी बांधलेली. मोटर जळाली होती. गोदामातल्या नव्या पोरांनी ती काढून नेली होती. मिस्त्रीने दोरीकडे बघितलं, जिन्याकडे बघितलं आणि बटाट्यांची पिशवी उचलली. पूर्वी बारा-बारा मजले शीळ घालत चढणारा माणूस पहिल्या मजल्यावर गप्प झाला, दुसऱ्यावर कठडा धरला आणि तिसऱ्या मजल्याच्या वळणावर पायरीवर बसला. श्वास पुरेना. कपाळावर घाम. बटाटे एकेक करून खाली घरंगळले.

“अहो! काय होतंय? छातीत दुखतंय का?”

“छातीत नाही.” त्याने तिचा हात धरला. “बस इथे. आता सांगायलाच हवं. माझं काही खरं नाही.”

“म्हणजे?”

“मी झिजत चाललोय. थोरल्यासारखा.”

ती त्याच्या शेजारी बसली. तिने त्याच्याकडे बघितलं. गाल वर आलेले, हनुवटीखाली दुसरी हनुवटी, सदऱ्याच्या दोन गुंड्यांमधून पोट बाहेर डोकावतंय.

“झिजताय? तुम्ही?”

“दवाखान्यात काटा केला होता, तुला चक्कर आली होती तेव्हा. आठ किलो गेले होते गं. अडुसष्टचा साठ. त्याला वर्ष होत आलं. आता किती उरलो असेन देव जाणे. एवढं खातो, अंगाला लागतच नाही. हे बघ.” त्याने कमरेत अंगठा घालून दाखवला. “एवढी सैल झालीय.”

बायकोने कपाळाला हात लावला.

“अहो, ती मी सैल केलीय.”

“काय?”

“उसवलीय मी. तीनदा. आतली माया संपली म्हणून मागे पट्टी जोडलीय. हात लावून बघा.”

त्याने हात मागे नेला. शिवणीच्या मधोमध, बोटभर रुंद, त्याच कापडाची पट्टी होती. इतकी सफाईने लावलेली की डोळ्याला दिसली नसती. तो ती बोटाने चाचपत राहिला.

“सगळ्या पँटींना?”

“सगळ्या. लग्नाला जायची करडी राहिलीय.”

क्षणभर तिला हसू आलं, आणि मग काय झालं कोण जाणे, ती एकदम रडायला लागली. ती रडली, आणि रडता रडता भडकली. “फ्यूज! फ्यूज शिकवत होतात मला! मी म्हणते याला झालंय काय! वर्षभर एकटेच मरत होतात तुम्ही इथे, माझ्या शेजारी झोपून?”

“तुला कशाला त्रास म्हणून…”

“मला नाही तर कुणाला? शेजारच्या मास्तरांना?”

मास्तर नेमके बटाटे गोळा करत वर येत होते. ते बटाटे पायरीवर ठेवून आल्या पावली खाली गेले.

दुपारी ती त्याला हाताला धरून दवाखान्यात घेऊन गेली. मिस्त्रीची पाचावर धारण बसली होती. तो डोळे मिटून काट्यावर चढला.

“अडुसष्ट,” नर्स म्हणाली.

मिस्त्रीने डोळे उघडले. खाली वाकून स्वतः बघितलं. “आलो! आलो की जागेवर!” तो नर्सचे हात हातात घेऊन हलवायला लागला. बायकोकडे बघून त्याने अशी मान उडवली की जणू वर्षभराचे ते बन त्याने औषध म्हणून गिळले होते आणि औषध लागू पडलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी त्याला बसवलं. छाती तपासली, रक्त काढलं, पोटाभोवती फीत धरली. फीत दिसल्यावर बायको पुढे सरकून बघायला लागली. बाईंनी जुनं कार्ड काढलं.

“काका, हसू नका. हे अडुसष्ट तुम्हाला जास्त आहे.”

“जास्त कसं? माणसाचं वजनच ते!”

“कुणी सांगितलं?”

मिस्त्रीने पाटीचं सांगितलं. भागाकारासकट. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. हसू आलं असणार, पण त्यांनी ते खोकल्यात घालवलं.

“काका, त्या पाटीला दोराची काळजी. तुमच्या तब्येतीशी तिला काय देणंघेणं? उंच, बुटकी, जाडी, बारीक, सगळी माणसं एकत्र धरून काढलेला तो अंदाज आहे. आता तुमची उंची एकशे बासष्ट सेंटिमीटर. एवढ्या उंचीला अठ्ठेचाळीसपासून साठपर्यंत कुठेही असलात तरी ठीक. एक-दोन इकडेतिकडे झाले तरी मी रागावणार नाही. धडधाकट माणसाचा एकच एक आकडा नसतो. आणि नुसत्या काट्यावरही जाऊ नका. तुमची कंबर उंचीच्या निम्म्याच्या आत हवी, म्हणजे एक्क्याऐंशीच्या. ती आज चौऱ्याण्णव आहे. म्हणून जिन्यात दम लागला. रक्ताचा निकाल येऊ दे, पण साखर काठावर असेल असं मला वाटतं.”

“मग साठ?”

“साठ छान होतं. म्हणून तर तेव्हा कुणी काही बोललं नाही.”

मरणाची भीती गेली ती गेली, पण त्याच्यातला मिस्त्री जागा झाला. “बाई, पण आधी मी अडुसष्टच होतो. दर वेळी. गोदामाचा काटा खोटं बोलत नाही. ते आठ किलो गेले कुठे?”

“ते मात्र तुम्ही तेव्हाच येऊन विचारायला हवं होतं,” बाई गंभीरपणे म्हणाल्या. “काही न करता वजन उतरलं तर दाखवायचंच, लपवायचं नाही. भ्यायलात ते बरोबर, लपवलंत ते चूक.”

बायको इतका वेळ फितीकडे बघत होती. ती म्हणाली, “अहो, गोदामात काट्यावर चढताना तुम्ही पट्टा काढत होतात का?”

“कुठला पट्टा?”

“हत्यारांचा. त्याचं कातडं शिवायला घरी आणला होता तुम्ही एकदा, माझ्याच्याने मांडीवर धरवेना.”

मिस्त्रीचा हात आपोआप कमरेकडे गेला.

दवाखान्यातून दोघं तडक गोदामात गेली. पट्टा अजून खुंटीलाच होता. नव्या मिस्त्रीने मागितला होता तर कोठीवाल्याने दुसरा दिला होता. पट्टा, बूट आणि जॅकेट काट्यावर ठेवलं. कोठीवाल्याने खिडकीतून सवयीने विचारलं, “किती?”

“आठ,” मिस्त्री म्हणाला.

कोठीवाला बाहेर आला. काट्याकडे बघितलं, मिस्त्रीकडे बघितलं, आणि हसता हसता पोत्यांवर बसला. “अरे, आम्ही सगळेच की रे बूट-पट्ट्यांसकट चढायचो!” मग हळूच उठून, कुणी बघत नाही असं बघून, त्याने स्वतःचं जॅकेट काढलं आणि काट्यावर पाय ठेवला. काय दिसलं ते त्याने कुणाला सांगितलं नाही.

मिस्त्रीचा चेहरा मात्र पडला. “म्हणजे मी अडुसष्टचा कधी नव्हतोच.”

“लिफ्टमध्ये तू पट्टा बांधूनच उभा राहायचास ना?” कोठीवाला म्हणाला. “मग एकाही लिफ्टचा हिशोब चुकला नाही. चुकला तो तुझा एकट्याचा. आणि हाक मारायला मला साठ जमणार नाही, जीभ वळत नाही. तू अडुसष्टच.”

त्यावर मिस्त्री जरा सावरला.

रक्तातली साखर काठावरच निघाली. बेकरीची वारी बंद झाली. बेकरीवाला दोन दिवस काळजीने वर येऊन विचारपूस करून गेला. चहातले चमचे एकावर आले. लिफ्टला नवी मोटर बसली, तरी मिस्त्री आणि बायको रोज संध्याकाळी जिन्याने उतरत आणि जिन्यानेच चढत. सुरुवातीला दर मजल्यावर बसत, गप्पा मारत. पुढे पुढे गप्पा चालता चालता व्हायला लागल्या. अंगठा घालून बघायची त्याची सवय सुटली नव्हती. आता न उसवलेल्या करड्या पँटीत अंगठा जात नसे, तो तक्रार करी आणि बायको म्हणे, “आता मी एक टाका उसवणार नाही. तुम्हीच आत जा.”

मग तोही दिवस आला, की रोजची पँट खरोखरच सैल झाली. तिने ती मांडीवर घेतली, मागची पट्टी काढली आणि शिवण घट्ट करायला बसली. इस्त्री तापत होती, मशीन चालू होतं, पंखा होता. फट्कन आवाज झाला आणि सगळं बंद पडलं.

“फ्यूज,” मिस्त्री उठत म्हणाला.

“बसा तुम्ही.”

तिने स्टूल ओढलं, मेन स्विच बंद केला, फ्यूज काढला. जळकी तार काढून टाकली, नवी गुंडाळली, टोक कापलं. तो खाली स्टूल धरून उभा होता. एकदा काही सांगायला तोंड उघडलं, पण सांगण्यासारखं काही राहिलंच नव्हतं. तिने फ्यूज बसवला, स्विच वर केला. पंखा फिरायला लागला.

ती उतरली नाही. स्टुलावरूनच तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

“शिकवलंत ते बरं केलंत,” ती म्हणाली. “पण म्हणून तुमच्यावाचून माझं भागेल, असं पुन्हा मनात आणायचं नाही. कळलं?”

“कळलं,” तो म्हणाला, आणि तिला उतरायला हात दिला.